पाळकीय सेवेची पहिली वर्षं : सोलापुरात काय काय शिकायला मिळालं

भीमाकाठचा_पाळक

सलाम मंडळी,

सेमिनरीचं, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयाचं, शिक्षण संपवून यंदा पहिल्या नेमणुकीवर निघालेल्या काही तरुणांनी विचारलं, "सुरुवातीच्या वर्षांत नेमकं काय सांभाळायचं?" फोनवर तुटक उत्तरं देऊन माझंच समाधान होईना, म्हणून इथे धागा काढतोय. मी सोलापुरात एका जुन्या ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) पाळक आहे. भक्ती, म्हणजे उपासना, मराठीत होते, पण घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी कुटुंबंही बरीच आहेत. काही घरं शहरात, काही शहराबाहेरच्या कुंभारीकडे, काही अक्कलकोट-मोहोळच्या वाटेवरच्या खेड्यांत. अनुभव या गावचा आहे. नगर, जालना, कोल्हापूरकडच्या पाळकांनी आपापली भर घालावी.

माझं ठाम मत आधी सांगतो. पहिली दोन-तीन वर्षं पाळकाने घरं पालथी घालावीत. उपदेश, कमिटी, तरुण संघ, नाताळचे कार्यक्रम, सगळ्याला बळ तिथूनच येतं. पुलपिटावरून, उपदेशाच्या व्यासपीठावरून, माणसं नुसती दिसतात.

सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर गावी रिचर्ड बॅक्स्टर नावाचे पाळक होते. आठवड्यातले दोन दिवस ते एकेका कुटुंबाशी वेगळं बोलण्यासाठी राखून ठेवत, आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबं. त्यांनी लिहून ठेवलंय की वर्षानुवर्षं उपदेश ऐकून ज्यांच्या काही ध्यानात आलं नव्हतं, त्यांना अर्ध्या तासाच्या समोरासमोरच्या बोलण्यातून उमगलं. ते सोमवारी आणि मंगळवारी बसत. सोलापुरात वार असे ठरवून चालत नाही. इथलं वेळापत्रक नळाचं पाणी आणि कामाची पाळी ठरवते.

पाणी चार-पाच दिवसांआड येतं. ज्या भागात ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी तिकडे फिरकू नये. बाई नळाशी हंडे-बादल्या लावून उभी असते. 'पाळकसाहेब आलेत' म्हणून ती सगळं टाकून, डोक्यावर पदर घेऊन समोर बसली, तर पुढचे चार दिवस घरात पाण्याची ओढ. यंत्रमागावर रातपाळी केलेला माणूस दुपारी झोपलेला असतो, त्याला हलवून उठवायचं आणि प्रार्थना करायची, हे बरं नाही. म्हणून वहीत प्रत्येक घरापुढे पाण्याचा दिवस आणि घरातल्यांची पाळी लिहून ठेवावी. ती वही बायबलशेजारीच असू द्या.

विडी वळणाऱ्या बायकांच्या घरी कसं बसायचं, हे त्या बायकांनीच मला शिकवलं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. कात्रीने पान कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, तोंड नखाने दुमडायचं, दोऱ्याचा वेढा द्यायचा, की लगेच पुढचं पान. मजुरी हजार विड्यांमागे. म्हणजे पाळकासाठी थांबलेला हात ही बुडालेली मजुरी. आमच्यातल्या एक अक्का डोळे मिटून 'आमेन' म्हणतात तेव्हाही त्यांची बोटं चालूच असतात. एकदा सोबतच्या पंचांनी (मंडळीच्या कमिटीतल्या जाणत्यांनी) त्यांना खुणावलं, हात थांबवा म्हणून. अक्का म्हणाल्या, "संध्याकाळी कारखान्यात माल द्यायचाय, ते देवाला ठाऊक हाय की." त्या घरात आम्ही आता खाली बसतो. चहा घेत नाही, स्तोत्रातली चार-पाच वचनं वाचतो, आणि त्या बोलायला लागल्या की ऐकतो. हात कामात असताना माणूस जे बोलतं ते खुर्ची मांडून बसल्यावर बोलत नाही. नवऱ्याची दारू, मुलीचं मोडत आलेलं लग्न, छातीतली कळ, सगळं मला पानं कापण्याच्या आवाजात ऐकायला मिळालंय.

कुंभारीचं वेगळं सांगायला हवं. विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत तिथे २००६ साली झाली. पुढे जानेवारी २०२४ मध्ये तिथल्याच रे नगर वसाहतीतल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. अशा वेळी जुन्या वस्तीतून चालत चर्चला येणारं कुटुंब एकदम बस-रिक्षाच्या अंतरावर जातं. चौघांचं जाण्यायेण्याचं भाडं काढलं तर रविवार महागात पडतो. 'हल्ली ते येत नाहीत, थंड पडलेत' असं कमिटीत कुणी म्हटलं, की मी आधी विचारतो, राहायला कुठे गेलेत? आता आठवड्याच्या मध्ये एका संध्याकाळी तिकडेच कुणाच्या तरी घरी प्रार्थना होते. तिथे शेजारच्या बिगरख्रिस्ती बायकाही दारात येऊन टेकतात. त्यांना कुणी बोलावत नाही आणि कुणी उठवतही नाही.

घरभेटींचा उपदेशाला काय उपयोग, ते एका उदाहरणाने सांगतो. बायबलमधल्या रूथच्या पुस्तकावर बोलायचं होतं. सेमिनरीतल्या टिपा होत्याच : दुसऱ्या अध्यायातला सरवा (कापणीनंतर रानात राहिलेली कणसं) वेचण्याचा हक्क, रूथसाठी मुद्दाम कणसं मागे ठेवायला लावणारा शेतमालक बवाज, लेवीय १९ मधला नियम, गरीब आणि उपरी माणसं. त्याच आठवड्यात मंगळवेढ्याकडून आलेल्या एका आजींकडे बसलो होतो. ज्वारीचा भाग. मी वचन वाचलं आणि आजी बहात्तरच्या दुष्काळावर सुरू झाल्या. खडी फोडायचं काम, तळहाताला आलेले फोड, वाटपाची सुकडी, भाकरीला नीट न येणारी ती लाल मिलो ज्वारी. त्याआधीच्या सुगीत काढलेल्या रानात सरवा वेचताना मालकाने हाकललं होतं, आणि दुसऱ्या एका मालकाने गड्यांना मुद्दाम कणसं मागे ठेवायला सांगितली होती. "त्या बवाजाचं नाव मला म्हाईत नव्हतं, पण माणूस म्या बघितलाय," असं त्या म्हणाल्या. त्या रविवारी मी माझ्या टिपांतलं निम्मं गाळलं आणि आजींची परवानगी घेऊन त्यांची गोष्ट सांगितली. पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बायका मान हलवत होत्या. तरुण पोरं पहिल्यांदाच आजीला विचारत होती, तू खडी फोडलीस?

परवानगी घेऊन, हे अधोरेखित करतो. घरात ऐकलेलं पोटात ठेवता आलं पाहिजे. आपली मंडळी म्हणजे एकमेकांचे सोयरे. एका घरातला आजार भर भक्तीत नाव घेऊन प्रार्थनेत उच्चारला, की दुपारपर्यंत नगर-पुण्याला फोन गेलेले असतात. मुलीचं स्थळ त्यावरून मोडू शकतं. आधी विचारा, मगच नाव घ्या. संशय असेल तर नाव न घेताही देव ऐकतो.

पैशांचं थोडक्यात : दानाची थैली एकट्याने मोजू नका, घरी नेऊ नका, दोघांच्या सह्या झाल्याशिवाय आकडा लिहू नका. कुणाच्या कर्जाला जामीन राहू नका. गरजूला मदत मंडळीच्या निधीतून, दोन-तीन जाणत्यांच्या विचाराने द्या. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये'च्या सहाव्या अध्यायात विधवांच्या वाटपावरून कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनीही ते काम सात जणांवर सोपवलं.

बाकी प्रतिसादांत बोलू.

---

होटगी_रोड

सलाम पाळकसाहेब. मी आता निवृत्त आहे, पण पंच म्हणून बरीच वर्षं काम केलं आणि पाळकांच्या बऱ्याच बदल्या पाहिल्या. पंचांच्या बाजूने थोडं लिहितो.

नवा पाळक आला की कमिटी त्याचा उपदेश ऐकते असं त्याला वाटतं. आमचं लक्ष दुसरीकडे असतं. नाताळला तो पहिल्यांदा कुणाच्या घरी फराळाला जातो? बंगलेवाल्यांकडे की रेल्वे लाइन पलीकडच्या खोलीत? आधीच्या पाळकाबद्दल कुणी वाईट बोलायला लागलं तर तो ऐकत बसतो की विषय बदलतो? ज्याने आज तुमच्यासमोर जुन्या पाळकाची निंदा केली, तो उद्या नव्यासमोर तुमची करणार, हे आम्हाला माहीत असतं.

दुसरं असं की येताच भक्तीची वेळ, गीतांचा क्रम, बाकांची मांडणी बदलायला जाऊ नये. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८६० च्या दशकात आलं. पुढे १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात कितीतरी जुन्या मंडळ्या एकत्र आल्या. इतक्या पिढ्यांच्या सवयी मागे असतात. कुठलं बाक कुणाच्या आजोबांनी दिलं, कुठली घंटा कुणाच्या स्मरणार्थ आहे, हे समजून घ्यायला वर्ष जातं. बदल आम्हालाही हवे असतात, पण विचारून केलेले.

आणि गट असतात. ते नाहीत असं म्हणणाऱ्याने निवडणुकीच्या आठवड्यात येऊन बघावं. पाळकाने दोन्ही गटांच्या घरी सारखंच जावं, आणि एकाचा चहा दुसऱ्याच्या कानावर घालू नये.

---

भीमाकाठचा_पाळक

होटगी रोडकाका, पटलं. गटांबद्दल चार्ल्स सिमियन या इंग्लिश पाळकाचं उदाहरण मला फार आधार देतं. १७८२ साली केंब्रिजच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये ते नेमले गेले. मंडळीला दुसराच माणूस हवा होता. लोकांनी आपापल्या बाकांच्या दारांना कुलपं लावली. सिमियननी स्वतःच्या खर्चाने मधल्या जागेत बाकडी टाकली, तर ती उचलून बाहेर फेकली गेली. हा विरोध वर्षानुवर्षं चालला. ते मात्र १८३६ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे ५४ वर्षं, तिथेच राहिले. त्यांच्या प्रोत्साहनाने हेन्री मार्टिनसारखी मिशनरी माणसं भारतात आली.

आपल्याकडे ठरावीक वर्षांनी बदली होते, त्यामुळे ५४ वर्षांचा प्रश्न नाही. पण पहिल्याच वर्षी कमिटीत आवाज चढला म्हणून बदलीचा अर्ज लिहिणाऱ्या तरुणांनी हे लक्षात ठेवावं. राग निवायला काळ जाऊ द्यावा लागतो, आणि तेवढा काळ आपण तिथे असावं लागतं.

---

मोगऱ्याची_वेणी

मी पाळकाची बायको. या विषयावर बोलताना आमचा उल्लेख शेवटी कधीतरी येतो, म्हणून मीच लिहिते.

पार्सनेजचं, म्हणजे पाळकाच्या राहत्या घराचं, दार कधी बंद नसतं. सकाळी सहाला बाप्तिस्म्याचा दाखला मागायला माणूस येतो, रात्री अकराला भांडण घेऊन नवरा-बायको येतात. लोकांनी यावंच, त्यासाठीच ते घर आहे. पण नव्या पाळकाने एक गोष्ट पहिल्या महिन्यातच कमिटीला स्पष्ट सांगावी : त्याच्या बायकोची नेमणूक झालेली नाही. संडे स्कूल, महिला संघ, पाहुण्यांचा स्वयंपाक हे तिने आवडीने केलं तर आनंद. मी करतेही, आणि महिला संघातल्या मैत्रिणींमुळे मला हे गाव आपलं वाटायला लागलं. पण शाळेत नोकरी करणाऱ्या, किंवा तान्हं बाळ असलेल्या मुलीवर हे आपोआप पडू नये. मागच्या पाळकीणबाई कशा सगळं करायच्या, हे तिला दर आठवड्याला ऐकवू नये.

दुसरं, सुट्टी. पाळकाचा रविवार कामाचा, म्हणून सोमवार घरच्यांचा. आमच्याकडे तो पाळायला लागल्यावर मुलांचे बाबा मुलांना मिळाले. सासरा इथ्रोने मोशेला बायबलच्या निर्गम १८ मध्ये हेच सांगितलं ना, की तू एकटा हे करत राहिलास तर तूही झिजशील आणि लोकही. एलीया संदेष्टा झाडाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, मग भाकरी आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. उपदेश नंतर. उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर असताना भर दुपारी घरभेटीला निघणाऱ्या तरुण पाळकांच्या घरच्यांनी हा अध्याय त्यांना वाचून दाखवावा.

---

पहिली_नेमणूक

सर्वांना सलाम. मी पुण्यात शिकलो, जूनमध्ये रुजू होतोय. दोन गोष्टींची धास्ती आहे : पहिला अंत्यविधी आणि पहिलं लग्न. दोन्हीची प्रॅक्टिकल माहिती मिळाली तर बरं होईल. विधीचं पुस्तक पाठ आहे, पण बाकीचं?

---

भीमाकाठचा_पाळक

अंत्यविधीपासून सुरू करतो.

निरोप आला की फोनवर वेळ ठरवत बसू नका, आधी घरी जा. गेल्यावर बोलायची घाई नको. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते बरोबर होते. तोंड उघडल्यावर बिघडलं. 'देवाची इच्छा' हे शब्द पहिल्या तासात तरी उच्चारू नका. तरणा मुलगा गेलेल्या आईला ते ऐकवत नाहीत. रोमकरांस १२ मध्ये शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा एवढंच म्हटलंय.

मग कामं. मृत्यू दवाखान्यात झाला असेल तर कागद कुणाच्या हातात आहेत, शवविच्छेदन आहे का, ताबा किती वाजता मिळणार, हे विचारायला घरातला शांत डोक्याचा माणूस शोधा, बहुतेकदा जावई किंवा भाचा. कबर खणणाऱ्यांना लगेच कळवा. आपल्याकडे वर माती आणि खाली मुरूम, कधी दगड. उन्हाळ्यात खणायला अपेक्षेपेक्षा फार वेळ लागतो. पेटीचं माप सांगायला विसरत नाहीत, पण कबरीचं माप सांगायला विसरतात. बाहेरगावचे नातेवाईक यायचे असतील तर किती थांबायचं हे घरच्यांना ठरवू द्या, फक्त अंधाराच्या आत आटोपेल एवढं बघा.

आणि हे सर्वांत महत्त्वाचं : दफनाला आलेल्यांत निम्मी माणसं ख्रिस्ती नसतात. शेजारी, कारखान्यातले सोबती, आईकडचे नातेवाईक. त्यांना आपली भाषा समजली पाहिजे. 'प्रभूत निद्रिस्त' वगैरे आपल्याला सवयीचं असतं, त्यांना नसतं. गेलेला माणूस कसा होता हे दोन-चार वाक्यांत खरं खरं सांगा, पुनरुत्थानाची आशा साध्या मराठीत सांगा, आणि माती द्यायला सगळ्यांना पुढे बोलवा. ती वेळ वाद घालायची किंवा कुणाला जिंकायची नाही. विधीनंतर आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा त्या घरी जा. पहिल्या दिवशी घर भरलेलं असतं, महिन्याने कुणी नसतं.

लग्नाचं सोपं आहे, पण कागद चोख लागतो. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा मुळातून वाचा. लग्न लावण्याचा आपल्याला अधिकार किंवा परवाना आहे ना, हे डायोसिसकडून (बिशपच्या कार्यालयाकडून) आधी खात्री करून घ्या. वर किमान २१, वधू किमान १८, वयाचा पुरावा डोळ्यांनी बघा. कुणी कितीही जवळचा असो, झेरॉक्सवर भागवू नका. त्या कायद्यात लग्नाची सर्वसाधारण वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात आहे, आणि आपल्याकडे वरात बँडवाल्यांमुळे हमखास लांबते. म्हणून पत्रिकेवर चारची वेळ छापायला सांगा. रजिस्टरवर वधूवर, दोन साक्षीदार आणि तुम्ही, सगळ्यांच्या सह्या जेवणाआधी.

रजिस्टरवरून आणखी एक. बाप्तिस्म्याच्या नोंदीतलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तारीख सुवाच्य लिहा, आणि आईला वाचून दाखवा. आज लिहिलेली ओळ पासपोर्टसाठी, वारसासाठी, शाळेसाठी चाळीस वर्षांनी कुणीतरी शोधत येणार आहे. जुन्या पाळकांनी टाकाने लिहिलेल्या नोंदी आजही वाचता येतात. त्या वाचताना मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो.

---

कडक_भाकरी

मी ख्रिस्ती नाही, सोलापूरच्या पूर्व भागात लहानाची मोठी झाले. धागा वाचून शेजारच्या काकूंचं दफन आठवलं. पाळकांनी आम्हालाही माती द्यायला बोलावलं होतं, आणि त्यांचं बोलणं समजलं होतं, हे खरं आहे. एक विचारायचं होतं. काकूंच्या घरी टाळ घेऊन अभंगाच्या चालीत येशूची भजनं म्हणायचे. ते पंढरपूर जवळ असल्यामुळे आलं का?

---

होटगी_रोड

ताई, छान प्रश्न. ही सगळ्या मराठी ख्रिस्ती समाजाची देणगी आहे, आणि तिचा मोठा वाटा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १९१९ मध्ये ते गेले. नगरला अमेरिकन मराठी मिशनसोबत त्यांनी काम केलं. भजनं आणि कीर्तनाच्या रूपाने त्यांनी ख्रिस्त मराठी माणसाच्या ओठांवर आणला. आमची आई निरक्षर होती, पण टिळकांची पदं तिला तोंडपाठ. नव्या पाळकांना माझी विनंती : गिटार, कीबोर्ड जरूर येऊ द्या, पोरांना आवडतं. पण महिन्यातून एक संध्याकाळ टाळ-मृदंगाची ठेवा. म्हातारी माणसं त्या दिवशी आपणहून येतात.

---

पहिली_नेमणूक

खूप आभार, सगळं उतरवून घेतलंय. शेवटचे दोन प्रश्न. एक, एवढं करूनही काहीच फळ दिसलं नाही तर? दोन, मला तेलुगू-कन्नड अजिबात येत नाही. माझ्या मंडळीतही अशी घरं आहेत असं कळलंय.

---

भीमाकाठचा_पाळक

पहिल्याचं उत्तर मिशनरी विल्यम केरींच्या आयुष्यात आहे. १७९३ च्या नोव्हेंबरात ते बंगालात उतरले आणि त्यांच्या कामातलं पहिलं फळ, कृष्ण पाल यांचा बाप्तिस्मा, झाला १८०० च्या डिसेंबरअखेर. मधली सात वर्षं मुलाचा मृत्यू, पत्नीचा मानसिक आजार, पैशांची ओढाताण. त्या काळात ते भाषा शिकत राहिले आणि भाषांतर करत राहिले. तुझ्या वार्षिक अहवालात बाप्तिस्म्यांचा रकाना रिकामा राहिला तरी घरभेटींची वही भरत असेल, तर मला तुझी काळजी वाटणार नाही.

भाषेचं असं. माणूस आयुष्यभर मराठीत भक्ती करतं, पण अंथरुणाला खिळलं की आईच्या भाषेत प्रार्थना करायला लागतं. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून तेलुगू घरांत आजाऱ्याकडे जाताना मी तेलुगू वाचता येणाऱ्या एका बाईंना सोबत नेतो. त्या २३ वं स्तोत्र वाचतात, मी बाजूला बसतो. पाळकाने वाचलं नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. आपल्याला निदान विचारपूस तरी यावी. तेलुगूत 'बागुन्नारा?', कन्नडमध्ये 'ऊटा आयता?' एवढ्यावरही म्हातारी माणसं हसून जागा करून देतात. तुला ती 'अय्यगारू' म्हणतील, तेव्हा गोंधळू नकोस, पाळकालाच म्हणतात.

कन्नडसाठी होटगी रोडकाकांना विचार. त्यांचं आजोळ तिकडचंच आहे.

---

होटगी_रोड

कधीही ये बाळा. रविवारी भक्तीनंतर मी घरीच असतो. येताना वही आण, बायबलमधले नेहमी लागणारे शब्द आणि दवाखान्यात उपयोगी पडणारी दहा-वीस वाक्यं लिहून देतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.